आशियाला जंबुद्वीप म्हणायची एवढी घाई कशाला?

आपल्याकडे आशिया हा शब्द मुख्यतः एकाच कामाला येतो, मोठेपणा सांगायला. पिंपरी-चिंचवड म्हणजे आशियातली सगळ्यात श्रीमंत महापालिका, लासलगाव म्हणजे आशियातली सगळ्यात मोठी कांद्याची बाजारपेठ, धारावी आशियातली सगळ्यात मोठी झोपडपट्टी, आणि साखर कारखान्यांच्या भाषणांत तर आशिया दर दोन वाक्यांनी येतो. कुणी मोजलं, कधी मोजलं, जपान-कोरिया-चीन धरून मोजलं का, हे विचारायचं नसतं. जिल्ह्यातलं म्हटलं की टाळ्या पडत नाहीत, राज्यातलं म्हटलं की शेजारच्या मतदारसंघाला राग येतो, देशातलं म्हटलं तर कुणीतरी गुजरातचा आकडा काढून दाखवतो, आणि जगातलं म्हणायची काही हिंमत होत नाही, म्हणून मग आशिया. थोडक्यात पुण्याच्या आसपास या शब्दाचा अर्थ "खूप मोठं, पण तपासत बसू नका" असा झालाय.

आता याच शब्दाच्या मागे काही मंडळी हात धुऊन लागलीत. सोसायटीचा ग्रुप घ्या नाहीतर तळजाईवरून फिरून आल्यावर टपरीवर जमणारा चहाचा कंपू घ्या, दोन प्रकारचं ज्ञान फिरत असतं. पहिलं असं की आशिया हे गोऱ्यांनी आपल्या माथी मारलेलं नाव, खंडाचं खरं नाव जंबुद्वीप, तेव्हा शाळेच्या पुस्तकात तेच छापा आणि गुलामीची खूण पुसा. दुसरं असं की आशिया हा मुळात संस्कृतच शब्द, अश्वावरून अश्विया आणि अश्वियावरून आशिया, तसंच ऑस्ट्रेलिया म्हणजे अस्त्रालय, आपले पूर्वज तिथे अस्त्रं ठेवायचे. बरं, शब्द गोऱ्यांचा असेल तर तो संस्कृत कसा, आणि संस्कृत असेल तर काढायचा कशाला? दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही एवढं तरी कळायला हवं, पण दोन्ही मेसेज एकच काका पाठवतात आणि दोन्हींना तेच लोक हात जोडतात.

माझं म्हणणं सरळ आहे. आशिया हे नाव बदलायचं काही कारण नाही आणि ते आपलंच होतं असं ओढूनताणून दाखवायचंही कारण नाही. व्युत्पत्ती म्हणजे सातबारा नव्हे, की उताऱ्यावर ज्याचं नाव निघेल त्याची जमीन. नाव कुठून आलं हे बघायला मजा येते, खूप काही कळतं, पण त्यातून मालकी ठरत नाही. आणि ज्यांना खरंच आपल्या जुन्या संबंधांचा अभिमान वाटायचाय त्यांच्यासाठी खऱ्या गोष्टी एवढ्या भारी आहेत की अस्त्रालयाची गरजच पडू नये.

आधी हे नाव आलं कुठून ते बघू.

१९९१ साली तुर्कस्तानात बोगाझकोयजवळ रस्त्याचं काम चालू असताना ब्राँझची एक तलवार सापडली. बोगाझकोय म्हणजे त्या भागात प्राचीन काळी राज्य करणाऱ्या हित्ती लोकांची जुनी राजधानी हत्तुसा. तलवार पाऊण मीटरहून जरा लांब, आणि पात्यावर अक्कादी भाषेत एक ओळ कोरलेली, तिचा आशय असा की महाराज तुधालियाने अस्सुवा देशाचा चुराडा केला तेव्हा या तलवारी आपल्या स्वामीला, वादळाच्या देवाला वाहिल्या. काळ साधारण इसवी सनपूर्व १४००. म्हणजे युद्ध जिंकून आलेला राजा देवाला तलवारी वाहतोय आणि कुणाला हरवलं ते त्यावर कोरून ठेवतोय, आपल्या देवळांतल्या घंटांवर दात्याचं नाव असतं ना, तेच. याच राजाच्या वेळच्या नोंदी हत्तुसाच्या दप्तरखान्यात मातीच्या पाट्यांवर मिळाल्यात, त्यात अस्सुवाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या २२ ठिकाणांची यादी आहे आणि त्या यादीत विलुसिया हे नाव आहे, ते बहुतेकांच्या मते ट्रॉय. तेव्हा अस्सुवा म्हणजे आजच्या तुर्कस्तानाचा पश्चिमेकडचा, ईजियन समुद्राच्या बाजूचा मुलूख, हे नक्की होतं.

समुद्राच्या पलीकडे ग्रीक. ग्रीसमधल्या पायलोसच्या राजवाड्यात ज्या मातीच्या पाट्या सापडल्या त्यांत राबणाऱ्या बायकांच्या याद्या आहेत, आणि त्यातल्या काहींना "आस्वियाई" म्हटलंय, म्हणजे अस्विया मुलखाकडच्या. बहुधा पकडून किंवा विकत आणलेल्या. पुढे ग्रीक भाषेतून "व" हा ध्वनीच गळाला, आणि अस्वियाचं झालं आसिया. होमरच्या इलियडमध्ये आसियाचं कुरण येतं, केइस्टर नदीकाठचं, तिथे हंस आणि क्रौंच पक्ष्यांचे थवे उतरतात. बस्स. एवढाच आशिया. एक नदी, एक कुरण आणि पक्षी. बहुतेक अभ्यासक अस्सुवा ते आसिया हीच वाट मानतात. दुसरं एक मत असं की अक्कादी भाषेत उगवणं या अर्थाचा "असू" असा धातू आहे, त्यावरून उगवतीकडचा देश तो आसिया. ऐकायला छान आहे, पण तलवारीवरचं नाव समोर असताना मला तरी ते ओढलेलं वाटतं.

आणि गंमत म्हणजे खुद्द ग्रीकांनाही हे नाव कुठून आलं ते आठवत नव्हतं. हेरोडोटस, इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला, तो चक्क लिहितो की जमीन एकच असताना तिला तीन नावं का पडली आणि तिन्ही बायकांचीच का, हे मला काही समजत नाही. तीन नावं म्हणजे युरोप, आसिया आणि लिबिया. मग तो सांगतो की ग्रीकांच्या मते आसिया ही प्रॉमिथियसची बायको, पण लिडियाचे, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातले लोक म्हणतात छे, आमच्या मानेसचा मुलगा कोटिस होता ना, त्याच्या आसिएस नावाच्या मुलावरून पडलं ते नाव. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीही "हे नाव मूळ आमचंच" म्हणणारे होते, फक्त त्यांच्याकडे फॉरवर्डचं बटण नव्हतं.

पुढे रोम आलं. पर्गमच्या शेवटच्या राजाने, तिसऱ्या अट्टालसने, मरताना आपलं राज्यच रोमला मृत्युपत्राने देऊन टाकलं, इसवी सनपूर्व १३३ साली, आणि रोमनांनी तिथे जो प्रांत केला त्याचं नाव आसिया. बायबलच्या नव्या करारात आशियातल्या सात मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती समुदायांना, पत्रं आहेत, इफिस, स्मुर्णा, पर्गम वगैरे, त्या सातही आजच्या पश्चिम तुर्कस्तानात आहेत. तिथे आशिया म्हणजे चीन नाही, भारत नाही, एक रोमन प्रांत. नंतर हळूहळू पूर्वेकडचं जे जे कळत गेलं ते ते याच नावात घातलं गेलं, आणि शेवटी नाव एवढं फुगलं की मूळच्या तुकड्याला वेगळं ओळखायला आशिया मायनर म्हणायची पाळी आली, म्हणजे घरच्या मूळ पुरुषालाच धाकटा ठरवला.

तर "गोऱ्यांनी लादलं" हे वाक्य इथे जरा अडखळतं. मूळ शब्द त्याच मातीतला, तिथल्या लोकांच्या मुलखाचं नाव, ते शेजाऱ्यांनी आणि शत्रूंनी उचललं, आपल्या जिभेप्रमाणे वळवलं आणि मग वाटेल तेवढं ताणलं. नावं अशीच पडतात. आफ्रिकेचंही तेच, कार्थेजच्या आसपास राहणाऱ्या आफ्री लोकांवरून रोमनांनी प्रांताचं नाव आफ्रिका ठेवलं, अरबांनी त्याचं इफ्रीकिया केलं तेव्हा त्यांना जेमतेम ट्युनिशिया आणि आजूबाजूचा भाग म्हणायचा होता, आणि आपल्याकडे तर त्या खंडाची ओळख हबसाण म्हणून होती, म्हणजे इथिओपिया, मलिक अंबर जिथून आला तो. एक तुकडा ओळखीचा झाला की त्याचं नाव सगळ्यालाच. आणि आपण तरी वेगळे कुठे आहोत? सिंधू नदी, इराण्यांच्या तोंडी तिची हिंदू, ग्रीकांच्या तोंडी इंदोस, आणि एका नदीचं नाव अख्ख्या देशाला लागलं, त्यात पुण्याची मुठा पण आली आणि कावेरी पण आली. त्यावेळी आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, पण म्हणून आज हिंदू शब्द परका वाटतो का कुणाला?

नाव एकदा फिरायला लागलं की प्रत्येक भाषा त्याचं आपल्या मनाप्रमाणे करते. हिंदीत एशिया, मराठीत आशिया, तुर्कीत आस्या, जपानीत आजिया. आपल्या एसटीत तर दोन्ही उच्चार सुखाने नांदले, खंड आशिया पण १९८२च्या दिल्लीतल्या स्पर्धांनंतर निमआराम गाडीला जे नाव चिकटलं ते एशियाड. पुण्याहून दादरला वर्षानुवर्षं एशियाडने जाणाऱ्या माणसाला एशियाड म्हणजे खिडकीची जागा आणि लोणावळ्याचा थांबा, त्याला खंडाशी काही देणंघेणं नव्हतं. फारसीत आणि अरबीत आसिया. आणि चिनी भाषेत तर भलतीच गंमत आहे. तिथे परक्या नावाचा नुसता उच्चार लिहायचा म्हटला तरी वापरलेल्या अक्षराला स्वतःचा अर्थ असतोच. मात्तेओ रिची नावाच्या इटालियन पाद्र्याने चिनी सहकाऱ्यांबरोबर १६०२ साली बीजिंगमध्ये जगाचा मोठा नकाशा केला, त्यात आशियाचं नाव या-शी-या असं तीन अक्षरांत आहे. यातल्या "या" या अक्षराचा अर्थ दुसऱ्या नंबरचा, दुय्यम. स्पर्धेत दुसरा आला त्याला चिनीत याजुन म्हणतात त्यातलाच हा या. आफ्रिकेच्या वाट्याला "फेई" आलं, म्हणजे नाही, नसलेलं, आणि अमेरिकेला मिळालं "मेई", म्हणजे सुंदर. मग काय, पाद्रीबुवांनी मुद्दाम आपल्याला दुय्यम ठरवलं असं म्हणणारे चीनमध्येही निघाले. कारण साधं आहे, उच्चाराला जवळचं अक्षर घेतलं, अर्थ कुणी बघितला नाही. पण हे सांगून रागावलेला माणूस शांत होत नाही, इकडेही नाही आणि तिकडेही नाही.

आता अश्वियाकडे येऊ. अस्सुवा आणि अश्व हे शब्द कानाला जवळचे लागतात, मान्य. पण कानाला लागणं हा पुरावा धरायचा तर मग फारसीत आसिया या शब्दाचा अजून एक अर्थ आहे, धान्य दळायची चक्की. उच्चार हुबेहूब, अश्विया वगैरे मधल्या पायऱ्याही नकोत. मग आशिया म्हणजे जातं असं कुणी का म्हणत नाही? कारण त्यात कुणाचा मोठेपणा नाही. या सगळ्या व्युत्पत्त्यांची खरी परीक्षा इथेच होते, त्यातून निघालेला अर्थ नेहमी आपल्याला सोयीचा आणि भव्यच कसा काय असतो. अस्त्रालयाचं तर अजूनच सोपं आहे. ऑस्ट्रालिस हे लॅटिन, दक्षिणेकडचा, त्यावरून टेरा ऑस्ट्रालिस म्हणजे दक्षिणेकडची भूमी, आणि ऑस्ट्रेलिया हे नाव रुळलं ते मॅथ्यू फ्लिंडर्सने १८१४ साली आपल्या पुस्तकात त्याची बाजू घेतल्यानंतर. त्याच्या आधी दीडेकशे वर्षं नकाशांवर न्यू हॉलंड छापलं जात होतं. आणि तिथे हजारो वर्षं राहणाऱ्या मूळ लोकांच्या शेकडो भाषा होत्या, त्यातल्या कुणालाही आपण अस्त्रांच्या कोठारात राहतोय याची कल्पना नव्हती.

मला खरा वैताग येतो तो हे सगळं पुण्यात चालतं याचा. ज्या गावात इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरं गोळा केली, १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, १९१७ साली भांडारकर संस्था उभी राहिली, महाभारताची एकेक पोथी दुसरीशी ताडून बघण्यात जिथे लोकांनी आयुष्यं घातली, त्या गावात कागद दाखवा म्हटलं की माणसं दुखावतात. डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचा अभ्यास चालतो, येरवड्याला रिक्षाने जा, विचारा, पण नाही, आपल्याला मेसेजच हवा.

आणि खरी गोष्ट काय आहे बघा. अस्सुवाच्या नोंदी ज्या हत्तुसात सापडल्या, त्याच हत्तुसाच्या दप्तरखान्यात घोड्यांना तयार कसं करायचं याचं एक हस्तपुस्तक मिळालंय, मातीच्या पाट्यांवर, साधारण त्याच काळातलं. सुरुवातच अशी की मितान्नी देशाचा अश्वशिक्षक किक्कुली असं सांगतो. किक्कुलीबुवा घोड्याला रोज किती पळवायचं, कधी न्हाऊ घालायचं, किती चारा टाकायचा, कधी नुसतंच उभं ठेवायचं याचं दिवसादिवसाचं वेळापत्रक देतात, भाषा हित्ती, पण फेऱ्या मोजताना शब्द येतात ऐका-वर्तन्न, तेर-वर्तन्न, पंझ-वर्तन्न, सत्त-वर्तन्न, ना-वर्तन्न. एक फेरी, तीन, पाच, सात, नऊ. पत्ते खेळताना सत्ती टाकणाऱ्याला यातला सत्त भाषांतराशिवाय कळतो. शिवाय त्याच दप्तरखान्यात हित्ती राजा सुप्पिलुलिउमा आणि मितान्नीचा शत्तिवाझा यांच्यातला तह आहे, इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातला, आणि त्याला साक्षीला बोलावलेल्या देवांच्या लांबलचक यादीत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य, म्हणजे आपले अश्विनीकुमार, आहेत. तुर्कस्तानात! उकरून काढलेल्या पाटीवर! हे वाचून अंगावर काटा येत नसेल तर अश्वियाने काय येणार.

पण इथेही हात आखडता घ्यायला लागतो. मितान्नी हे राज्य उत्तर सीरियाकडचं, अस्सुवा समुद्राकाठचं, दोन्हींत बरंच अंतर, आणि किक्कुलीच्या फेऱ्यांवरून आशिया शब्द अश्वापासून आला हे सिद्ध होत नाही. तसंच हे लोक इथून तिथे गेले असंही त्या पाट्या म्हणत नाहीत. त्या एवढंच सांगतात की आपल्या भाषेच्या जवळची भाषा बोलणारी माणसं त्या काळी तिकडे होती आणि घोड्यांच्या कामात त्यांना मान होता. जेवढं लिहिलंय तेवढं. मला तेवढ्यावर महिनाभर पुरतं.

आता जंबुद्वीप. हा शब्द खरोखर आपला, जुना आणि देखणा आहे, त्याबद्दल वादच नाही. अशोकाच्या लघुशिलालेखांत तो आहे, कर्नाटकात ब्रह्मगिरीला जा, जंबुदीपसि असं कोरलंय, इसवी सनपूर्व तिसरं शतक. पुण्यात तर तो आजही रोजच्या वापरात आहे म्हणा ना, गणपती बसवताना गुरुजी संकल्प सांगतात, जंबुद्वीपे भरतवर्षे भरतखंडे दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे शालिवाहन शके, आणि पुढे संवत्सर, महिना, तिथी, वार. हातात पळी, ताम्हनात पाणी, आणि यजमान पाटावर बसून आपला अख्खा पत्ता देवाला सांगतोय, आधी विश्वातला, मग खंडातला, मग गोदावरीच्या कुठल्या काठाला ते. त्यात पिन कोड तेवढा नाही.

पण हे जंबुद्वीप म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला आशिया नव्हे. पुराणांतली सात द्वीपं आहेत, जंबू, प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक, पुष्कर, एकाभोवती एक, मध्ये खारट पाण्यापासून दुधाच्या समुद्रापर्यंत वेगवेगळे समुद्र. जंबुद्वीप मधोमध, त्याच्या मध्ये मेरू, त्याचे नऊ भाग आणि भारतवर्ष त्यातला दक्षिणेकडचा एक. ही विश्वाची कल्पना आहे, तिचा स्वतःचा हिशोब आहे, तिला उरल पर्वत आणि सुएझ कालवा चिकटवून कसं चालेल? शिवाय अशोक जंबुद्वीप म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर बहुतेक आपलं राज्य आहे. आणि जपानमध्ये होतान नावाच्या बौद्ध भिक्षूने १७१० साली जंबुद्वीपाचा नकाशा छापला, त्यात मध्यभागी भारत, एका बाजूला चीन, जपान कडेला, आणि युरोप वरच्या डाव्या कोपऱ्यात बारक्या बेटांवर बसवलेला. म्हणजे त्याच्या जंबुद्वीपात युरोपही येतो! मग तुमचं जंबुद्वीप कुठलं, अशोकाचं, पुराणांचं का होतानचं? ज्याला हा शब्द खरंच प्रिय आहे त्याने त्याला आशियाचं भाषांतर करून टाकू नये, त्यात शब्द लहान होतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो फालतू नाही. नाव कुठूनही येवो, पण आशिया ही एक चीज आहे, जपानपासून लेबनॉनपर्यंत सगळे एक, ही कल्पना तर युरोपातच शिजली ना, स्वतःला वेगळं दाखवायला? हो, शिजली. सीमासुद्धा त्यांनीच आखली, ग्रीकांच्या वेळी डॉन नदी धरायचे, अठराव्या शतकात ती उरल पर्वतावर नेली, रशियाच्या सोयीने. आजही ती कुणी सांगेल तशी हलते. फुटबॉलमध्ये ऑस्ट्रेलिया २००६ पासून आशियात खेळतंय आणि २०१५ला आशियाचा चषकही जिंकून बसलं, इस्रायल मात्र युरोपात खेळतं. पण मग ज्यांच्यावर हे नाव आलं त्यांनी त्याचं काय केलं तेही बघा की. १९४७च्या मार्चमध्ये, स्वातंत्र्य मिळायच्या आधीच, दिल्लीत आशियाई देशांची परिषद भरली. १९५१ला पहिल्या आशियाई स्पर्धा दिल्लीतच झाल्या. १९५५ला बांडुंगला आशिया-आफ्रिकेतले २९ देश जमले. त्या लोकांना काय माहीत नव्हतं का की शब्द ग्रीकांकडून आलाय? त्यांनी तो ज्यांचा होता त्यांच्याच समोर उभं राहून वापरला. असा शब्द पुसून टाकणं म्हणजे त्यांनी केलेलं कामही पुसणं.

अर्थात आशिया म्हटलं की सगळं पवित्र असंही नाही. ओकाकुरा या जपानी विचारवंताने १९०३ साली आशिया एक आहे असं लिहिलं, तो कलकत्त्यात टागोरांच्या घरी राहून गेलेला माणूस, त्याच्या मनात कला आणि धर्म होते. १९४० साली हीच एकी जपानच्या सरकारने पूर्व आशियाच्या समृद्धीची योजना म्हणून पुढे केली, आणि १९४२ ते ४५ अंदमानातल्या लोकांनी त्या समृद्धीत काय भोगलं ते तिथे जाऊन विचारा. तेव्हा उद्या कुणी जंबुद्वीप एक आहे म्हणाला तर मी आधी विचारीन की मध्यभागी कोण बसणार आहे.

आणि नावाचा अर्थ शेवटी वापरणारा ठरवतो, याचं सगळ्यात जवळचं उदाहरण कोथरूडमध्ये घरोघरी आहे. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, तिकडच्या फॉर्मवर एशियन या चौकटीत खूण करायची. तिथे नुसतं एशियन म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर चिनी-जपानी चेहरा येतो. तोच माणूस नोकरीसाठी लंडनला गेला की तिथे एशियन म्हणजे मुख्यतः भारत-पाकिस्तान-बांगलादेशवाले, म्हणजे नुसत्या विमानप्रवासाने चेहरा बदलला. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून एशियन हाकलले तेव्हा त्यातले बहुतेक गुजराती होते. अमेरिकेच्या १९७० च्या जनगणनेत तर भारतीय मंडळी गोऱ्यांत मोजली गेली होती, १९८०ला त्यांना एशियनमध्ये वेगळी चौकट मिळाली, आणि ती त्यांच्यातल्याच लोकांनी मागून घेतली. शब्द तोच, अस्सुवा काय आणि हंसांचं कुरण काय, कुणाच्या गावीही नाही. या चौकटीत काय बसतं यावरून शिष्यवृत्त्या, नोकऱ्या, कधीकधी मारहाणसुद्धा ठरते. भांडायचं असेल तर त्यावर भांडावं, व्युत्पत्तीवर भांडून कुणाचा व्हिसा होत नाही.

शाळेच्या पुस्तकाबद्दल बोलायचं तर माझी मागणी उलट आहे. नाव राहू द्या, नावाची गोष्ट छापा. बालभारतीचं ऑफिस इथेच सेनापती बापट रस्त्यावर आहे, लांब जायला नको. आशियाच्या नकाशाशेजारी त्या तलवारीचा फोटो द्या, बाजूला होतानचं जंबुद्वीप द्या, रिचीचा चिनी नकाशा द्या. आम्ही शाळेत खंडांची नावं क्षेत्रफळाच्या क्रमाने पाठ केली आणि परीक्षेनंतर विसरलो, ती कुणी ठेवली हे ना आम्ही विचारलं ना बाईंनी सांगितलं. पोर्शन संपत नाही ही शिक्षकांची अडचण खरी आहे, पण हे सगळं एका तासात बसतं, आणि उरलेल्या दहा मिनिटांत पुण्यातल्या पोरांना आपापल्या पेठेचं नाव शोधायला लावा. रविवार पेठ आधी मलकापूर होती, शुक्रवार पेठ विसापूर, गुरुवार पेठ म्हणजे वेताळ पेठ. हे घरी जाऊन आजोबांना सांगा म्हणावं, आजोबा आधी नाही म्हणतील, मग त्यांच्या वडिलांचा काहीतरी दाखला देतील, मग कुणीतरी कपाटातला जुना कागद काढेल, आणि रात्रीचं जेवण बहुतेक लांबेल.